कासवाला घरी पोचवताना

सोसायटीत काहीही अडलं की लोक माझ्याकडे येतात. लिफ्ट बंद पडो नाहीतर टाकी रिकामी होवो. त्यामुळे गणपतीच्या निर्माल्याचं खत करायचं ठरलं, तेव्हा ते कामही मीच घेतलं. मुलुंडला आमच्या इमारतीसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे तळं. आमच्या फाटकाशेजारी, भिंतीला लागून मी ढीग लावला. रोज वरखाली करून, पाणी मारून माती इतकी भुसभुशीत केली की माझं मलाच कौतुक वाटायचं.

दसरा झाल्यावर एका सकाळी रस्त्याच्या मधोमध कासव दिसलं. रिक्षा त्याला वळसे घालून चालल्या होत्या. मी सरळ ते उचललं, भाजीच्या पिशवीत घातलं आणि तळ्यात सोडून आले. ग्रुपवर फोटो टाकला, अंगठेच अंगठे आले. दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा रस्त्यात. पुन्हा पिशवी, पुन्हा तळं. ‘बिचाऱ्याला दिशाच कळत नाही,’ असं मी ग्रुपवर लिहिलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी सासूबाई बरोबर होत्या. त्यांचं माहेर मालवणच्या किनाऱ्यावरचं.

“अगो, ती वाट चुकलली नाय. अंडी घालूक इली हा. तुझ्या ढिगाकडे चल्ली हा, सोड तिका.”

“आई, अंडी घालायला तळ्याचा काठ आहे की.”

“काठार सगळा शिमीट. घालतली खंय?”

तो काठ सिमेंटने पक्का करून घ्यायला नगरसेवकाच्या मागे मीच लागले होते. तरी मी माघार घेतली नाही. कासव तळ्यात सोडलं. घरी येऊन पिशवी झटकायला घेतली तर तळाशी एक अंडं. लहान लिंबाएवढं, गोल, पांढरं. ते हातात घेऊन ओट्याशी उभी राहिले आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली. बाकीची अंडी तिने पाण्यातच टाकली असतील का, हा विचार दिवसभर डोक्यातून जाईना.

चौथ्या दिवशी उजाडताच मी आणि आई रस्त्यावर हजर. ती आली. मी मध्ये उभी राहून दोन्ही हात पसरले, रिक्षा थांबवल्या.

“मॅडम, क्या हुआ?”

“थांब रे दोन मिनिटं. तिला जाऊ दे.”

पण मधोमध येऊन तिने मान आत घेतली. हलेचना.

“आई, हॉर्नला घाबरली हो ती.”

“हॉर्नाक नाय गो. तुका भियाली. तू बाजूक हो.”

बाजूला व्हायची मला सवय नाही. तरी झाले. उभ्या टेम्पोमागे जाऊन खाली बसले. रिक्षा आईंनी अडवून धरल्या, नुसता एक हात वर करून. थोड्या वेळाने खसखस आवाज ऐकू आला. ढिगात मागच्या पायांनी खणत असावी. ती तिचं आटपून तळ्यात परत जाईपर्यंत मी टेम्पोमागून डोकंही वर काढलं नाही.