एक पेढा जास्त

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आज सांगतोय! आधी आकडे. चार वर्षांपूर्वीचा जानेवारी, दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ, भिसेगावातल्या आमच्या सोसायटीचा हॉल. हजर अकरा जण, त्यांत मी आणि माझी बायको सुनंदा. माझं वजन चौऱ्याण्णव किलो चारशे ग्रॅम, तिचं एकोणऐंशी. वर्ग होता लक्ष देऊन खाण्याचा, आठ रविवारांचा.

शिकवणाऱ्या ताईंनी प्रत्येकाच्या तळहातावर एक मनुका ठेवली. डोळे मिटून पाच मिनिटं फक्त तिची चव घ्यायची. रसायनीच्या कंपनीत जाणारे एक गृहस्थ पुटपुटले, “ताई, असा जेवाय बसलो तर माझी बस सुटंल वो!” सगळे हसले. मी नाही हसलो. मी मनुका केव्हाच गिळली होती आणि रिकामं तोंड हलवत बसलो होतो.

तिथंच थांबायला हवं होतं ना?

पण मग वही आली. जेवणाआधी भूक किती, शून्य ते दहा — आणि कुठे थांबलो, ते रोज लिहायचं. सोसायटीच्या पाण्याच्या मीटरची नोंद मी ठेवतो. माझ्या आकड्यावर कुणी शंका घेत नाही. ही वही मात्र मी रोज लिहिलीच नाही. रविवारी अंघोळीआधी आठवड्याचे सगळे आकडे एका बैठकीत भरले — दोन वेगळ्या पेनांनी! फार सरळ दिसू नये म्हणून बुधवारी लिहिलं : एक पेढा जास्त झाला. खरा बुधवार? स्टेशनबाहेर उभ्या उभ्या चार वडे. चवही कळली नाही.

ताईंनी नेमका तो पेढाच वाचून दाखवला. “इतकं खरं लिहायला धीर लागतो!” टाळ्या पडल्या. आणि काय सांगू — मला आवडलं! कान गरम झाले. पुढच्या रविवारची मी वाट बघायला लागलो.

सुनंदाची वही खरी होती. भूक तीन, भाकऱ्या तीन. भूक नव्हती, तरी उरलेला भात. ती कशेळे गावची, बोलायला सरळ. घरी येताना म्हणाली, “तुमचं बरं जमतं वो. माझंच मन लबाड हाय.”

लबाड — हा शब्द तिनं स्वतःला लावला. आणि मी? मी म्हणालो, “सराव कर, जमेल.”

पाचव्या रविवारी ती आली नाही. “तुमी जावा. माझ्यापायी तुमाला खाली बघाय नको.” मी गेलो. आठही रविवार पुरे केले.

तेव्हापासून ती जेवताना आपल्या ताटातली अर्धी भाकरी माझ्या ताटात ठेवते. म्हणते, “तुमी खावा. तुमचा मनावर ताबा हाय.” कालही ठेवली. माझं पोट टच्च भरलेलं होतं. मी ती खाल्ली, सगळी.