कुंकू अडलंय

"हळद येतेय, कुंकू अडलंय. काळ्यात हवं तर देते," असं काकू दारातूनच सांगायच्या. नवख्या माणसाला काही कळायचं नाही. ते बोलणं त्यांच्या प्रिंटरबद्दल असायचं. पिवळा रंग उमटतो, लाल उमटत नाही, एवढंच त्यांना सांगायचं असे. पण एका विधवा बाईने चारचौघींसमोर हे शब्द इतक्या सहज उच्चारावेत, हे वसईच्या एव्हरशाईन वसाहतीतल्या आमच्या इमारतीला झेपत नसे. बायका नजर वळवायच्या. काकूंना ते दिसायचं आणि, माझी खात्री आहे, आवडायचंही.

काकू सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी कॉम्प्युटर आणि रंगीत इंकजेट प्रिंटर घेतला. मग काय, टँकरची नोटीस, सत्यनारायणाचं आमंत्रण, मुलीचा बायोडाटा, जो तो कागद घेऊन त्यांच्याकडे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. "तेवढाच त्यांचा वेळ जातो," असं म्हणत लोक आपला वेळ वाचवायचे. तुमच्याही इमारतीत अशी एखादी बाई असेल, आणि असे लोक तर असतीलच.

दर संक्रांतीला महिला मंडळाच्या हळदीकुंकवाची निमंत्रणं तिथेच छापली जात. वर दोन वाट्यांचं चित्र, एकीत हळद, एकीत कुंकू, आणि खाली 'सर्व सुवासिनींना आग्रहाचे निमंत्रण'. ते टाइप करायचं काकूंनी, छापायचं काकूंनी, कापायचं काकूंनी आणि समारंभाच्या दिवशी दार लावून घरात बसायचंही काकूंनीच. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मला वाटायचं, पण हळदीकुंकवात पुरुषाला विचारतो कोण.

एका वर्षी सेक्रेटरींच्या मिसेस म्हणाल्या, "काकू, यंदा तुम्ही पण यायचं हं. आता कोण एवढं मानतं?" भाजीची पिशवी सांभाळत, जिन्यात म्हणाल्या. जिन्यातली वाक्यं जिन्यातच सोडून द्यायची असतात. काकूंनी ते वाक्य घरी नेलं.

त्यांनी निमंत्रणातला एकच शब्द बदलला. 'सुवासिनींना' काढून 'महिलांना' केलं. आणि नेमकी छपाई सुरू असताना लाइट गेली. तेव्हा वसईत लोडशेडिंगचा कहर होता. प्रिंटर असा मध्येच बंद पडला की कार्ट्रिज आपल्या जागी परत जात नाही, तिचं तोंड उघडं राहतं आणि शाई सुकते. कित्येक तासांनी लाइट आली, कागद बाहेर आला, तर दोन्ही वाट्यांत हळद.

मी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो, एवढ्याच पुराव्यावर इमारतीने मला तज्ज्ञ ठरवलं होतं. मी जाऊन क्लीनिंगचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं. प्रिंटर कण्हत राहिला, शाई तेवढी वाया गेली. मग प्रिंटरबरोबर आलेलं माहितीपुस्तक काढून आम्ही दोघांनी डोकं लावलं. पाणी कोमट केलं, तेही पिण्याचं, कारण टँकरचं खारट असायचं. सुती फडकं भिजवून बशीत पसरलं आणि कार्ट्रिजचं तोंड त्यावर टेकवलं. तीन रंगांचे तीन पट्टे उमटायला हवे होते. निळा आला, पिवळा आला. लालाच्या जागी नुसतं ओलं फडकं.

"याचंही माझ्यासारखंच झालं," काकू म्हणाल्या आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

पाणी गार झालं की त्या पुन्हा कोमट करून आणत होत्या. मी म्हटलं, "काकू, स्टेशनजवळून छापून आणू का?"

"नको रे. हे मीच छापणार. मला जायचंय यंदा," फडक्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "तिळगूळ घरी बसून खूप खाल्ला. एकदा सगळ्यांच्या ओळीत बसून घ्यायचाय."

खुर्चीच्या पाठीवर एक मोरपंखी साडी इस्त्री करून ठेवलेली होती. समारंभाला अजून आठवडा होता.

संध्याकाळी फडक्यावर लाल ठिपका आला, मग अख्खा पट्टा. निमंत्रणं छापून झाली तेवढ्यात सेक्रेटरींच्या मिसेस ती न्यायला आल्या.

"काय मस्त कलर आलाय, काकू. फक्त एक छोटीशी मिस्टेक झालीय. इथे 'सुवासिनींना' हवं ना?"

"मिस्टेक नाही. तूच म्हणालीस ना, या म्हणून."

"अहो, या ना तुम्ही. फक्त थोडं उशिरा या, सगळ्या गेल्या की. तुमचा तिळगूळ मी बाजूला काढून ठेवते. काय आहे, काहींची नवीन लग्नं झालीयत. त्यांच्या सासवा बोलतात मग."

मला त्या बाईचा असा संताप आला की मी उठून बाल्कनीत गेलो. काकूंनी मात्र साडी उचलून पलंगावर टाकली, खुर्चीत बसल्या, 'महिलांना' खोडून 'सुवासिनींना' टाइप केलं आणि सगळी निमंत्रणं पुन्हा छापून दिली. लाल रंग जराही फिका पडला नाही.

पुढच्या संक्रांतीला मंडळाच्या बायका आल्या, तेव्हा काकूंनी ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं. "हळद येतेय, कुंकू अडलंय." मी विचारलं, "पाणी कोमट करू का?"

"राहू दे. आता ते सुटायचं नाही."

मग दरवर्षी तेच उत्तर. मंडळ सायबर कॅफेत जाऊ लागलं. एवढं चांगलं मशीन बाईंनी बिघडवून ठेवलं, अशी कुजबुज तेवढी व्हायची.

काकू एका पावसाळ्यात गेल्या, त्यालाही आता काही वर्षं झाली. आठवड्याभरातच फ्लॅट रिकामा करायला भाचा आला. त्याने कपाटं उघडली, कागदांचे गठ्ठे न बघताच रद्दीवाल्याला दिले आणि प्रिंटर माझ्या हातात ठेवला. "बिघडलेलाच आहे म्हणे. बघा, चालला तर."

मी घरी बशीत फडकं भिजवलं आणि कार्ट्रिज टेकवली. तीन पट्टे उमटले. लगेच, आणि लाल सगळ्यांत ठळक. ही शाई महिनाभर वापरली नाही तरी सुकते. म्हणजे काकू शेवटपर्यंत लाल रंगात काहीतरी छापत होत्या. काय, ते रद्दीवाल्याला ठाऊक.

बायको बघत उभी होती. "अडलं नव्हतंच," ती म्हणाली.

ते फडकं तिने दोनदा धुतलं. निळा गेला, हळदही गेली. कुंकू अजून आहे.