जावईबापूंनी बसवलेला दिवा

गॅरेजांच्या ओळीत त्याला सगळे टेस्टर म्हणायचे. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर अडकवलेला. झोपतानाही काढत नसेल, अशी थट्टा चालायची. जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होती. दुसऱ्या कुणी केलेला जोड दिसला की हा नाक मुरडायचा. "याला काय जोड म्हणतात? ही गाठ मारलीय नुसती," असं म्हणून गाडीवाल्याला उन्हात उभं करून दहा मिनिटं ऐकवायचा. वायरला पीळ देऊन वर टेप गुंडाळणाऱ्या माणसाला त्याच्याकडे माफी नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण याच माणसाने पुढे काय केलं ते सांगायचं आहे.

त्याचे सासरे एका कारखान्याची बस चालवायचे. तीस वर्षं चालवली, कुणाला ओरखडासुद्धा नाही. निवृत्त झाल्यावर घरी बसून अंग आंबून जाईल म्हणून त्यांनी एक जुनीपुराणी व्हॅन घेतली आणि स्वतःच्या मागे एक काम लावून घेतलं. गल्लीतल्या चार म्हाताऱ्या माणसांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी दवाखान्यात न्यायचं. कुणाला व्यायाम करून घ्यायला, कुणाची पट्टी बदलायला. तिथे बाकावर बसून राहायचं आणि सगळ्यांना परत आणायचं. चौघांपैकी एकही नात्याचं नव्हतं. पण त्या दोन दिवशी सासऱ्यांची दाढी सातच्या आत झालेली असायची आणि शर्टाला इस्त्री असायची.

व्हॅन काढण्याआधी ते रोज बॉनेट उचलायचे. फडक्याने रेडिएटरचं झाकण फिरवायचं, वाकून पाणी बघायचं, ऑइलची पट्टी पुसून बघायची आणि मगच किल्ली लावायची. गाडीतला टेंपरेचरचा काटा कधीचाच मेला होता. सासऱ्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, कारण त्यांचा भरवसा काट्यावर नव्हताच, स्वतःच्या डोळ्यांवर होता.

एका रविवारी टेस्टर बायकोला घेऊन सासरी गेला असताना त्याने हे वाकणं बघितलं. सासऱ्यांनी कमरेवर हात ठेवून सरळ व्हायला जरा वेळच घेतला. त्याला खरोखर कळवळा आला. पण कळवळ्याच्या बाजूला ऐट उभीच होती.

"बाबा, कुठल्या जमान्यात आहात?" तो म्हणाला. "रेडिएटरमधलं पाणी कमी झालं की गाडी स्वतः सांगेल तुम्हाला. पुढच्या रविवारी दिवा बसवतो. मग बॉनेटला हात लावायचं काम नाही."

"जावईबापू म्हणतील तसं," सासरे म्हणाले. जावयाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही.

पुढच्या रविवारी त्याने रेडिएटरच्या वरच्या टाकीत एक पितळी सळई बसवली. गणित अगदी सोपं होतं. सळई पाण्यात बुडालेली असेल तोवर दिवा बंद. पाणी खाली गेलं, सळई उघडी पडली, की डॅशबोर्डवर लाल दिवा. किल्ली फिरवल्यावर हा दिवा दोन सेकंद लागून विझायचा, म्हणजे बल्ब शाबूत आहे हे रोज कळावं. सासूबाई दारात, बायको पायरीवर, त्या चौघांतल्या शेजारच्या मास्तरीणबाई कुंपणाला टेकून, असे सगळे बघायला जमले होते. टेस्टर प्रत्येक स्क्रूबरोबर एक वाक्य बोलत होता.

मग गल्लीतून एक चक्कर मारली, आणि वळणावर दिवा लागला. सरळ रस्त्याला विझला, पुढच्या वळणावर परत लागला. चूक काय ते त्याला लगेच कळलं. सळई दोन बोटं आखूड होती. गाडी वळली की आतलं पाणी एका बाजूला जायचं आणि सळई उघडी पडायची. लांब सळई त्याच्या दुकानात होती, म्हणजे जाऊन येऊन तासभर. सासूबाईंनी ताटं वाढल्याची हाक दिली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "हा तर उगाचच डोळे मिचकावतोय." सगळे हसले, बायकोही हसली. त्याचे कान तापले.

त्याने बॉनेट उचललं, सळईची वायर काढली आणि गाडीच्या पत्र्याला, एका बोल्टखाली, पीळ देऊन दाबून टाकली. वर काळी टेप गुंडाळली. आता पाणी असो नसो, दिव्याला ते कायम भरलेलंच वाटणार होतं. जेवण झालं की लांब सळई आणू, असं त्याच्या मनात होतं. जेवण झालं, मग पडला, मग चहा झाला. निघताना सासरे म्हणाले, "आता मिचकावत नाही हो, छान झालं." त्याने मान डोलावली. पुढच्या रविवारी करू म्हणाला, स्वतःशीच. असे सोळा रविवार गेले.

सासऱ्यांनी मात्र शब्द पाळला. बॉनेटला हात लावणं त्यांनी बंद केलं. किल्ली फिरवायची, लाल दिवा लागून विझला की समाधानाने "हं" म्हणायचं आणि निघायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, जावईबापूंनी बसवलाय म्हणून.

सतराव्या आठवड्यातल्या शुक्रवारी पाण्याचा एक पाइप थेंबथेंब गळत होता, तो पुरता फुटला. दवाखान्याच्या अलीकडे इंजिन जाम झालं. बॉनेटमधून वाफ निघाली. चार म्हातारी माणसं रस्त्याच्या कडेला उन्हात तासभर बसली. मास्तरीणबाईंना चक्कर आली. कुणाला इजा झाली नाही, पण गल्लीत बोलणं सुरू झालं, की म्हातारबाबांच्या समोर लाल दिवा होता आणि त्यांना तो दिसला नाही.

व्हॅन ओढून गॅरेजांच्या ओळीतच आणली. इंजिनचे मिस्त्री चहाला गेले होते. टेस्टरने बॉनेट उचललं, आणि समोर त्याचाच जोड. पीळ दिलेला, वर काळी टेप. इकडे तिकडे बघून त्याने टेप सोडली, वायर बोल्टखालून काढली आणि सळईला लावली. दोन मिनिटंही लागली नाहीत. हातांनीच आपोआप केलं म्हणावं, तर तेही खोटं होईल. आपण काय करतोय ते त्याला चांगलं कळत होतं.

मिस्त्री आले. त्यांनी विचारलं, "अरे, तुझा तो दिवा चालू होता का?" टेस्टरने किल्ली फिरवली. रिकाम्या रेडिएटरवर दिवा लालबुंद लागला आणि लागूनच राहिला.

"मग बघितलाच नाही की सासरेबुवांनी," मिस्त्री म्हणाले.

"वय झालं," टेस्टर म्हणाला.

हे दोन शब्द त्याच्या तोंडून गेले. नंतर कितीदा तरी त्याला वाटलं, की त्या वेळी जीभ का झडली नाही आपली. पण झडली नाही, आणि पुढचे पंधरा दिवस ती उचललीही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सासरे दुकानात आले. म्हणाले, "जावईबापू, एकदा दिवा लावून दाखवा." त्याने दाखवला. सासरे ड्रायव्हरच्या जागेवर बसले. स्टीअरिंगला हात लावून, मान सरळ ठेवून, रस्त्याकडे बघताना दिसतं का ते बघितलं. मग डोळे बारीक करून बघितलं. मग चष्मा काढून.

"दिसतोय," ते म्हणाले. "चष्म्याशिवायसुद्धा दिसतोय. मग त्या दिवशी कसा दिसला नसेल हो?"

टेस्टरने पान्हे आवरायला घेतले. आवरण्यासारखं तिथे काही नव्हतं.

सासरे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डोळे ठणठणीत. झालं, आता तर घरात सगळेच घाबरले. डोळे ठीक म्हणजे बिघाड वर, डोक्यात आहे. टेस्टरची बायको आईशी फोनवर बोलता बोलता रडायची. "बाबांनी गॅस चालू ठेवला तर? रस्ता विसरले तर?" तो "होईल ठीक" म्हणायचा आणि अंगणात जाऊन उभा राहायचा. सासऱ्यांनी लायसन्स काढून लेकीच्या हातात दिलं. चार घरी स्वतः जाऊन सांगून आले, की मंगळवारपासून दुसरी सोय बघा, माझ्याच्याने आता होत नाही.

शेवटी विसराळूपणाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. बायको, सासरे आणि टेस्टर, तिघं गेले. बायको खिडकीवर कागद भरायला उभी राहिली. हे दोघं बाकावर. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होते.

"काय म्हणताय, बाबा?"

"महिने उलटे म्हणायला लावतात म्हणे. तुम्ही जरा ऐका. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर..." ते थांबले. मांडीवरची बोटं मोजू लागली. "जुलै? नाही, ऑगस्ट. बघा, अडकलोच. तुम्ही विचारा ना मला मधूनमधून. चुकलो तर तिला कळू देऊ नका, ती घाबरलीय."

शरम शरम म्हणतात ती मनात असते असं त्याला आजवर वाटायचं. ती कानशिलांत, हातापायांत, पोटात, सगळीकडे असते हे त्याला त्या बाकावर कळलं.

"बाबा, दिवा लागलाच नव्हता," तो म्हणाला.

"आं?"

"सळई आखूड पडली होती. मी वायर पत्र्याला दाबून टाकली होती, त्याच रविवारी. तो दिवा लागणं शक्यच नव्हतं. आणि गाडी ओढून आणल्यावर मी ती वायर गुपचूप नीट लावली, म्हणून तुम्हाला दिसला." त्याने मान वर केली नाही. समोरच्या फरशीवर एक चुन्याचा डाग होता, त्याच्याकडे बघत तो हे बोलला.

सासऱ्यांची मांडीवरची बोटं मोजायची थांबली. मग म्हणाले, "म्हणजे दिवा लागलाच नव्हता."

"नाही."

"मग मला दिसणार काय?" आणि त्यांना हसू आलं. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पंधरा दिवस झोप नाही हो मला, जावईबापू. रात्री उठून सगळ्या नातवंडांची नावं म्हणून बघायचो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. एक थोबाडीत दिली असती तर त्याने दुसरा गाल स्वतः पुढे केला असता. पण सासरे त्याच्याकडे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे घरात बोलू नका. तिला तुमचा फार अभिमान आहे. मी म्हणतो, माझंच लक्ष नव्हतं. मी म्हातारा माणूस, मला कोण काय बोलणार?"

आणि इथे टेस्टरला क्षणभर हायसं वाटलं. खोटं कशाला सांगा, वाटलं. वायर दाबल्याची, ती लपवल्याची, त्या दोन शब्दांची, सगळ्याची लाज एका बाजूला, आणि त्या हायसं वाटण्याची एका बाजूला. ती आजही त्याला तोंड वर काढू देत नाही.

बायको फाइल घेऊन आली. "चला बाबा, नंबर लागला."

सासरे उठले. शर्ट खाली ओढून नीट केला. लेकीबरोबर दाराकडे चालताना ते हळूच म्हणू लागले, "डिसेंबर, नोव्हेंबर..." बरं असलेला माणूस वेडेपणाच्या तपासणीला निघाला होता, जावयाची अब्रू राहावी म्हणून.

"थांबा," टेस्टर म्हणाला. बाकांवरची माणसं वळून बघू लागली. "आत जायची गरज नाही. बाबांचं डोकं चांगलं आहे. वायर मी चुकीची जोडली होती, आणि नंतर लपवली."

बायकोने फाइल छातीशी धरली. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी रोज रडत होते तेव्हासुद्धा?"

तिने वडिलांचा दंड धरला आणि दोघं बाहेर पडली. हा मागून दहा पावलं अंतर ठेवून चालला. पुढे आठवडाभर घरात त्याच्या ताटात जेवण पडत होतं, पण समोर बसून कुणी बोलत नव्हतं.

लेकीने बाबांना लायसन्स परत दिलं. इंजिन उघडून बांधलं. मिस्त्रींना त्याने सगळं सांगितलं, आणि मिस्त्रींना सांगितलं म्हणजे ओळीतल्या शेवटच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचलं. त्याने लांब सळई बसवली, जोड कथलाचा डाग देऊन पक्के केले. आता दुसऱ्याचा पीळ दिलेला जोड दिसला तर तो गुमान सोडवतो आणि नीट करून देतो. नाक मुरडत नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी सातला तो सासऱ्यांच्या दारात पाण्याचा कॅन घेऊन हजर असतो. कुणी सांगितलेलं नाही. सासरे पुन्हा बॉनेट उचलतात, फडक्याने झाकण फिरवतात, वाकून पाणी बघतात आणि कमरेवर हात ठेवून सरळ होतात. मास्तरीणबाई आणि बाकीचे तिघं गाडीत बसलेले असतात. मग सासरे किल्ली फिरवतात. लाल दिवा दोन सेकंद लागतो आणि विझतो. ते खिडकीतून मान बाहेर काढून, गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्याने म्हणतात, "उत्तम चालतो हो तुमचा दिवा, जावईबापू."

टेस्टर कॅनचं झाकण लावत राहतो.