हाळीला ओ

आमच्या गावाच्या पाठीला डोंगर, अर्ध्या चढावर माझ्या मैत्रिणीचा तांडा, आणि माथ्याच्या अरुंद धारेनं चालत पलीकडं उतरलं की औंढा. हायस्कूल औंढ्याला. मी गावातून निघायची, ती तांड्यावरच्या लिंबाखाली माझी वाट बघत उभी असायची. मग दोघी डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन, चपला हातात धरून धारेला लागायचो. आता डांबरी सडक झालीय, पोरी जीपमधनं शाळेत जातात. जाऊ देत बापड्या, पण आमची मजा त्यांना कुठली!

श्रावणात धारेवर ढग उतरला की हाताच्या अंतरावरचं माणूस दिसत नसे. वाट पाऊलभर रुंद, एका अंगाला घसरण ती थेट खालच्या नाल्यापर्यंत. म्हणून तिच्या बापानं आम्हाला नेम घालून दिला होता. पुढचीनं हाळी द्यायची, मागचीनं ओ द्यायची, आणि ओ आली नाही तर पुढचीनं पाऊल उचलायचं नाही. पुढं कायम तीच, कारण मी भित्री भागूबाई. "आलीस का गंऽऽ?" ती ओरडायची. "आले गंऽऽ!" मी मागून. सगळी शाळा आम्ही अशीच पार पाडली.

लग्न होऊन ती वारंगा फाट्याकडं गेली, मी हिंगोलीला, तरी बोलल्याशिवाय आमचा आठवडा कधी गेला नाही. आणि गेल्या वर्षापासून बाईसाहेब फोन उचलेनात! उचललाच तर "हूं, हूं, बरं" म्हणून ठेवून द्यायची. माझ्या नातवाच्या बारशाला आली, कोपऱ्यात बसून राहिली, जेवली आणि निघून गेली. अगं, माझं काय चुकलं ते तरी सांग! किती आठवून पाहिलं, काही सापडेना. मला रडू यायचं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग यायचा.

यंदा पंचमीला माहेरी गेले तर तीही तांड्यावर आलेली. तिच्या भावाजवळ निरोप धाडला, "उद्या धारेनं औंढ्याला जाऊ म्हणावं, नागनाथाच्या पाया पडू आन् जीपनं परत येऊ." मनात पक्कं केलं होतं, आज हिला विचारायचंच. मैत्री तुटायची असेल तर तोंडावर तुटू दे, अशी फोनच्या आडून नको.

सकाळी लिंबाखाली उभी होती. हातात काठी.

"केवढी फुगलीस गं!"

"तुझ्या घरचं खाऊन न्हाई फुगले," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. माझे पुढचे दात पडलेत, मला वाटलं तेच बघतेय. "काय बघून राहिलीस? पडले दात. तुझे बी पडतील." तेव्हा कुठं खळखळून हसली. फार बरं वाटलं मला, पण मी तोंड फुगवूनच राहिले.

माथ्यावर तीच सीताफळीची झुडपं, हिरवी कच्ची फळं लगडलेली. दसऱ्याच्या सुमाराला आम्ही ती दप्तरात कोंबून आणायचो आणि तिची याडी, म्हणजे आई, ज्वारीच्या कणगीत पिकत घालायची. आमच्या सगळ्या वह्यांना सीताफळाचा वास. शाळेत जाताना बसायचो त्याच सपाट दगडावर बसून मी केलेले धपाटे खाल्ले. समोरासमोर बसून ती अगदी पहिल्यासारखी बोलली. याडीची आठवण काढली, मला चिडवलं, शेवटचा धपाटा माझ्या हातातून ओढून घेतला. मला वाटलं, राग गेला हिचा.

पुढं वाट अरुंद झाली. ती पुढं, मी मागं. समोर बसून जे विचारायचा धीर झाला नाही, तो पाठ दिसल्यावर झाला. "काहून गं अशी वागून राहिलीस? कुणी कान भरले तुझे? इतक्या वर्सांची मैत्रीण मी, अन् माझा फोन उचलायला तुला जड होतं?" वर्षभराचं सगळं ओकून टाकलं मी. तिनं मानसुद्धा वळवली नाही. काठी टेकत चाललीच. एवढा माज! मी मुद्दाम मागं राहिले.

तेवढ्यात ढग उतरला. आधी झुडपं गेली, मग तिचं लुगडं गेलं, मग माझे पायही धड दिसेनात. आणि समोरून हाळी आली.

"आलीस का गंऽऽ?"

राग होता तरी ओ दिली. "आले गंऽऽ!"

"आलीस का गंऽऽ?"

"आले की!"

"आलीस का गंऽऽ?"

"अगं आले म्हणतेय ना, बहिरी झालीस का काय!"

हाळी थांबेना. आवाज चढत गेला, मग चिरकला, मग त्यात रडणं आलं. मी चाचपडत पुढं गेले तर एकदम तिची पाठच समोर. काठी रोवून उभी होती. मी अगदी तिच्या मागं उभं राहून ओरडले, "आले गं!"

"आलीस का गंऽऽ?" ती ढगाला विचारत होती.

मी मागूनच तिच्या खांद्यावर हात ठेवला तशी ती दचकून वळली. "ओ काहून न्हाई दिलीस? मला वाटलं पडलीस खाली!"

"दिली की गं," मी म्हटलं. तिनं माझ्या ओठांकडं बघितलं आणि मटकन खाली बसली.

"कवापासून?" मी तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं.

"दोनेक वर्सं झाली कमी येऊ लागून, आता काहीच न्हाई. पोरानं कानाचं मशीन आणलं, त्यात नुसता गलका होतो."

"मला काहून न्हाई सांगितलंस?"

"फोनमधी तुझं तोंड दिसत न्हाई. सांगितलं असतं तर तू फोनच करणं सोडलं असतंस. तो हातात थरथरला की वाटायचं, अजून याद करते."

मी तिला जवळ घेऊन रडले. मग तिनंच पदरानं माझं तोंड पुसलं. "मघाशी मागून काही बोलत व्हतीस का?"

"व्हय. धपाटे चांगले झाले म्हणत होते."

"स्वतःचेच? खोटारडी!" आणि दोघी रडता रडता हसत सुटलो.

ढग काही हटेना. मी म्हटलं, मी पुढं होते. "तू? भित्री!" म्हणाली. काठीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि पुढं उभी राहिली.

"आलीस का गंऽऽ?"

मी काठीला हिसका दिला. तिनं पाऊल उचललं.

पुन्हा हाळी, पुन्हा हिसका, पुन्हा पाऊल. आणि दर हिसक्याला मी तोंडानंही, जीव खाऊन, ओ देत राहिले.