कॉम्प्युटरवरचे पाहुणे

राजूरला घर असलं की चतुर्थीला पाहुणे सांगून येत नाहीत. गणपतीचं दर्शन झालं की थेट आमच्याकडे. उपास चंद्र उगवल्यावर सुटणार. तोवर वेळ काढायला आमचा नवा कॉम्प्युटर! मी फारशी बोलत नाही, कोपऱ्यातून बघते. किस्से साठणारच.

*

सुरुवात कुंभार पिंपळगावच्या आत्यानं केली. आल्या आल्या मॉनिटरला हळदीकुंकू लावलं आणि वरून प्रसादाचा हार टाकला.

"आत्या, गरम हवा बाहेर पडायची जागा झाकली गं!"

"मंग? देवाची फुलं हायेत, थंडच ठेवतील!"

*

तीर्थपुरीचे मामा मात्र जाणकार. त्यांनी तीन महिन्यांचा कोर्स केलेला! "लई कचरा साचलाय," म्हणाले आणि पुसत सुटले. त्या कचऱ्यात माझा विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प होता. गावातल्या बारा विहिरींचं पाणी, चार महिने दर रविवारी दोरी सोडून मोजलेलं.

"बघ, कसा हलका झाला!"

मी न्हाणीत जाऊन रडले. मग वहीवरून सगळं पुन्हा टाइप केलं.

*

शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाईंना विचारून मी दोन खाती केली. माझ्या खात्याला पासवर्ड. दुसऱ्याचं नाव 'पाहुणे'. तिथून माझ्या फाइली उघडतच नाहीत.

बाबा नाराज झाले. "सख्ख्या मामाला कुलूप लावती का?"

"बाबा, पाहुण्यांना आपण बैठकीत बसवतो. कपाटाची किल्ली देतो का?"

एवढं लांब मी कधीच बोलले नव्हते. बाबा म्हणाले, "बराबर."

*

आत्या पडद्यावरचं 'पाहुणे' वाचून भडकली. "मी या घरात जन्मले, अन् मी पाहुणी?"

मी तिचं वेगळं खातं करून दिलं. तेवढ्यात आत्याचे यजमान खुर्ची ओढायला लागले. आत्या म्हणाली, "हे माझं हाय. तुम्ही पाहुण्यांत बसा!"

*

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नेमकी चतुर्थी आली. मामाही आले. दुपारभर खुर्ची सोडली नाही. शेवटी हात झटकून ओरडले, "घ्या! बिलकुल साफ केला!"

साबुदाण्याची खिचडी हलवणारा आईचा हात थांबला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी खुर्चीवर बसले, माझा पासवर्ड टाकला. बाराच्या बारा विहिरी जागेवर!

मामा पडद्याकडे बघतच राहिले. "मंग मी दुपारपासून काय पुसून राह्यलो?"

'पाहुणे' खात्यात मी एकाच फुलाचे चारशे फोटो ठेवले होते.

"मामा," मी म्हणाले, "पुढच्या चतुर्थीला पुन्हा साचेल."