नारूची पायरी

लढाईत मी बसऱ्याला होतो, कैरोला होतो. गोळ्या सुटत असताना जखमी माणसं खांद्यावरून वाहिली, पण अंगाला साधा ओरखडा नाही. आणि शेवटी मला आडवं कुणी केलं, तर म्हसवडच्या पलीकडच्या एका वाडीतल्या तांब्याभर पाण्यानं. हसू नका. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

माझं नाव लालासाहेब, गाव कराडला लागून असलेलं मलकापूर. पलटणीच्या दवाखान्यात हवालदार होतो. घरी परतल्यावर शेतातला ऊस बघून बघून चार महिन्यांत वैतागलो. तेवढ्यात वाईचे डॉक्टर गंगाधर आगाशे भेटले. त्यांच्याकडे सरकारचं नारूचं काम होतं आणि त्यांना सामान सांभाळणारा माणूस हवा होता. नारू म्हणजे सुतळीसारखा बारीक, हातभर लांब जंत. पायावर फोड येतो, फुटतो आणि त्यातून हे जनावर डोकं काढतं. ओढायला जावं तर तुटतं, आणि आत तुटलं की पाय सडतो, सांधा आखडतो. माणूस जन्माचा लंगडा.

स्वराज्य आल्यावरचा तो पहिला उन्हाळा. आगाशे डॉक्टरांबरोबर आणखी दोन जाणकार होते. एक सुदानचे डॉक्टर इद्रिस. आफ्रिकेतला माणूस, ताडमाड उंच, काळाभोर, आणि बोलणं इतकं हळू की कान द्यावा लागे. त्यांच्या मुलखातही नारूनं थैमान घातलेलं. दुसरे हलदारबाबू, बंगाली, माशांचे अभ्यासक. नारूच्या कामाला मासेवाला कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. आगाशे म्हणाले, "हवालदार, तीन डोकी तीन बाजूंनी बघतात तेव्हा कुठं एक गोष्ट दिसते." मला काही ते पटलं नाही. पण हलदारबाबूंचे मासे भरलेले चार माठ गाडीत सांभाळायचे मलाच होते, त्यामुळे गप्प बसलो.

गाडीरस्ता संपला तिथून वाडी तीन मैल. सूक्ष्मदर्शकाची पेटी माझ्या डोक्यावर. वैशाखाचं ऊन, घशाला कोरड. डॉक्टरांचा सक्त हुकूम होता, दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडाला लावायचा नाही. का, ते मी विचारलं नव्हतं. वाडीच्या तोंडाशीच मोठी बारव होती, थेट पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या उतरलेल्या. मी खाली गेलो आणि तांब्या भरून घटाघटा प्यायलो. म्हटलं, ज्या माणसानं नदीतलं गढूळ पाणी पलटणीत पचवलं, त्याला हे काय करणार?

प्यायलो आणि मग बाजूला बघितलं. पाण्याला लागून असलेल्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. तिच्या समोर एक गडी, त्याचा पाय घोट्यापर्यंत पाण्यात. म्हातारीच्या हातात तुरीची काटकी, तिच्यावर ती नारू गुंडाळत होती. एक वेढा, थांबायची. अर्धा वेढा, परत थांबायची. श्वाससुद्धा जपून घ्यायची. मी दवाखान्यात मोठमोठे सर्जन बघितलेत, पण असा हात बघितला नाही.

ही मनुबाई. चाळीस वर्षं नारू काढत होती. आसपासच्या बारा वाड्यांतली माणसं तिच्याकडे येत. ती बसायची त्या पायरीला नावच पडलं होतं, नारूची पायरी.

आम्ही तिच्या सोप्यात मुक्काम टाकला. दोन दिवसांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गावाचे पाय मांडीवर घेणारी ही बाई, पण तिचा स्वतःचा मुलगा ज्ञानू गुडघ्यातून आखडलेला. चोवीस-पंचवीसचा गडी, पैलवानासारखी छाती, आणि डावा पाय काठीसारखा. त्याच्या गुडघ्याला तेल चोळायला त्याची आत्या यायची. मनुबाई तेवढ्यात उठून चुलीकडे जायची. मी उगाच नाक खुपसलं, "मावशी, तुमी का चोळत न्हाई?"

"माझ्याच हातात त्येचा नारू तुटला," ती म्हणाली. "हजारभर नारू काढलं हवालदार, एक तुटला न्हाई. तुटला त्यो ह्येचा. पल्टनीत जायचं हुतं पोराला. साताऱ्याला भरतीत त्येला रांगंतनंच भाईर काढलं. तवापासनं त्या गुडघ्याला हात लावाय माझं धाडस हुत न्हाई."

मग तिनंच विचारलं, "तुमी एवढं शिकल्यालं हाय. मला एकच सांगा. नारू येतुया कुठनं? कुणी म्हणतंय सिदनाथाचा कोप, कुणी म्हणतंय पायाला माती लागती. मी ह्येला वाहना घातल्या, नवस केलं, तरी माझ्याच घरात कसा शिरला? मरायच्या आदी मला एवढं कळाय पायजे."

तिला दुसरं काही नको होतं. डॉक्टर आले, साहेब आले, याचं तिला कौतुक नव्हतं. उत्तर मिळतंय का, एवढंच ती बघत होती.

तिसऱ्या दिवशी सगळे बारवेवर उतरलो. मनुबाई तिच्या पायरीवर, समोर एक रोगी. डॉक्टर इद्रिस तिच्या शेजारी चक्क पाण्याकडेला बसले, पायजमा वर केला आणि घोट्यावरचा जुना व्रण दाखवला. लढाईत शिकलेली माझी मोडकी अरबी तिथं कामाला आली. मी सांगितलं, "ह्येस्नीबी झाला हुता. ह्येंच्या आजीनं असाच काडीवर काढला."

"अगं बया!" मनुबाईनं तो व्रण बोटानं चाचपला. "तुटू दिला न्हाई म्हातारीनं. हात चांगला हुता." मग तिनं विचारलं, "पाय पान्यात सोडत हुती का?"

पाण्याला तिकडं मोया म्हणतात, मी 'मोया, मोया' करत विचारलं. इद्रिस नाही म्हणाले. मग मनुबाईनं त्या परदेशी डॉक्टरला धडाच दिला. कोरड्या पायातला नारू चिवट असतो. गार पाणी लागलं की तो सैल पडतो, तोंडातनं दुधासारखं टाकतो आणि मग गुंडाळायला येतो. बोलता बोलता तिनं रोग्याचा पाय पाण्यात सोडला. खरंच, फोडातून पांढरं दूध सुटलं आणि पाण्यात विरून गेलं.

इद्रिस आणि आगाशे यांनी एकमेकांकडे बघितलं. आगाशे डॉक्टरांनी काचेच्या नळीनं त्या दुधाचा थेंब उचलला आणि माझ्याकडून पेटी उघडून घेतली. हलदारबाबूंनी त्याच पायरीजवळचं पाणी वाटीत भरलं. तिघं आळीपाळीनं काचेत डोकावत होते आणि इंग्रजीत कुजबुजत होते. मनुबाईला कुठला धीर!

"मला बगू द्या की!"

आगाशे डॉक्टरांनी तिला डोळा लावायला शिकवलं. ती वाकली आणि किती तरी वेळ हललीच नाही.

"वळवळत्यात," ती म्हणाली. "केवडी ही! ही कुणाची वं पिल्लं?"

"नारूची. त्या दुधात हजारोंनी असतात."

मग हलदारबाबूंनी दुसरी काच लावली. विहिरीच्या पाण्यातला एक किडा, डोळ्याला जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा. त्याच्या पोटात एक पिल्लू वेटोळं करून बसलेलं. आगाशे सावकाश सांगत गेले. हा किडा ती पिल्लं खातो. माणूस पाण्याबरोबर किडा पितो. किडा पोटात मरतो, पिल्लू जगतं, वाढतं आणि वर्षानं पायातून बाहेर येतं.

मी परवाच तांब्याभर प्यायलो होतो, तेही त्याच पायरीजवळचं. पण आता कुणाला सांगणार?

मनुबाई बोटं मोजत होती. "वर्सानं? मंजी ज्ञान्याला झाला त्येच्या आदल्या उनाळ्यात..." तिची बोटं थांबली. "आदल्या उनाळ्यात आकारामभावजींचा नारू काढला हुता मी. आठ दिस हितं बशिवलं. हिथंच. आन सांजंला ह्याच पायरीवनं घागर भरून न्हेली."

आगाशे डॉक्टर घाईनं म्हणाले, "मनुबाई, तुमचा दोष नाही. शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या विद्वानांनाही हे ठाऊक नव्हतं."

तिनं काटकी रोग्याच्या पायाला फडक्यानं नीट बांधली, त्याला हाताला धरून वर नेलं आणि मग त्या उन्हात एकटी बाभळीखाली जाऊन बसली. मला राहवलं नाही, मागं गेलो. ती म्हणाली, "इचारलं हुतं न्हवं मी? मिळालं उत्तर. नारू मीच पेरला हवालदार. चाळीस वर्सं पेरला." मग माझा हात धरला. "ज्ञान्याला ह्यातलं कळाय नगं. तुमाला माझ्या गळ्याची आन."

मी आण घेतली. काय करणार!

इकडं बारवेवर वेगळाच तमाशा चालला होता. हलदारबाबू माठातले मासे विहिरीत सोडायला निघाले, मासे किडे खातात म्हणून. बायांनी त्यांना घेरलं. "आमच्या पेयच्या पान्यात मासं हागणार व्हय?" बाबूंना मराठी येत नव्हती, ते आपले हसून मान डोलवत होते. त्यामुळे बाया जास्तच भडकल्या. सगळा गाव तिथं गोळा झालेला.

तो गोंधळ मनुबाईनंच मोडला. उठून आली, कमरेला पदर खोचला आणि वरच्या पायरीवर उभी राहिली. "सोडा वं मासं! आन आजपासनं हितनं खाली कुणी पाय घालायचा न्हाई. वर रहाट बसवा. पायऱ्या दगडानं भरून टाका." मग घरातनं घमेलं आणलं, त्यात गार पाणी ओतलं आणि रोग्याचा पाय त्यात ठेवला. नारूनं दूध टाकलं. ते पाणी घेऊन ती लांब माळावर गेली आणि तापल्या मुरमावर ओतून आली. "नारूला गार पानी पायजे. हीर कशाला पायजे?"

डॉक्टर इद्रिसनी वही काढली, घमेल्याचं चित्र काढलं, खाली तिचं नाव लिहून घेतलं. सुदानला जाऊन हेच सांगणार म्हणाले. हे कुणा पुस्तकात नव्हतं.

पुढचा वैशाख आला आणि माझ्या उजव्या घोट्यावर फोड आला. आगाशे डॉक्टरांना दाखवला तर हसून हसून त्यांचा चष्मा पडला. "फडकं कुठं होतं हवालदार?" म्हणाले. मग म्हणाले, "माझ्यापेक्षा मनुबाईचा हात चांगला. जा."

गेलो, बैलगाडीतनं कण्हत. बारवेच्या पायऱ्या दगडांनी भरलेल्या, वर रहाट, पाण्यात मासे. वाडीत त्या साली नारूचे रोगी मिळून चार, ते आदल्या वर्षी पाणी प्यालेले. पाचवा मी. मनुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "एवडा शिकला सवरला, आन रेड्यावानी पानी प्याला!"

माझा पाय घमेल्यात. ती रोज दोन वेढे गुंडाळायची, ज्ञानू ते पाणी लंगडत माळावर ओतून यायचा. सहाव्या दिवशी ती शेजारी गेली होती. ज्ञानू माझ्याजवळ टेकला.

"हवालदार, एक सांगू? मला ठावं हाय समदं. त्या दिशी बायकांचा दंगा चालला हुता न्हवं, तवा मीबी काचंत बगितलं. त्येच्या आदी डाक्टर आन आय काय बोललं त्येबी वरच्या पायरीवर हुबा राहून ऐकलं हुतं. आयला सांगू नगा. तिला वाटंल मी राग धरलाय."

डोकंच फिरलं माझं. हा तिच्यापासून लपवतोय, ती ह्याच्यापासून लपवतेय, आणि दोघांची गाठोडी माझ्या डोक्यावर! त्याच क्षणी ओरडणार होतो, पण माझा पाय तिच्या हातात, नारू अर्धा आत. तिचा हात थरथरला असता तर मीही ज्ञानूच्या रांगेत बसलो असतो. म्हणून गप्प राहिलो. भित्रा म्हणा, म्हणा काय म्हणायचं ते.

दहाव्या दिवशी शेपूट बाहेर आलं. मनुबाईनं काटकी चुलीत टाकली. मी पाय कोरडा केला, आण मोडली आणि दोघांनाही समोर बसवून सगळं सांगून टाकलं.

मनुबाई पांढरी पडली. ज्ञानू जमिनीकडं बघत बसला. ती त्याला म्हणाली, "वरीसभर तुला ठावं हुतं? तरी माझ्या हातचं खात हुतास?"

"मग काय आत्याच्यात जाऊ जेवाय?" ज्ञानू म्हणाला. "तिला भाकरी थापाय येती का?"

ती हसली का रडली, मला आजही सांगता येणार नाही. तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग उठून आत गेली आणि तेलाची वाटी घेऊन आली. त्याचा डावा पाय मांडीवर घेतला आणि गुडघ्यावर हात ठेवला.

"हितं दुकतंय?" तिनं विचारलं.

"जरा खाली," ज्ञानू म्हणाला.