तिसऱ्या कुलपाची किल्ली

कुलूपवाल्यांच्या दाराला तीन कुलपं होती आणि आत चोरण्यासारखं काहीही नव्हतं. आत होती फक्त ठमी, चौदा वर्षांची, एक कान फाटलेली, हृदयाने अधू झालेली मांजर. ती फुकट देऊ केली असती तरी कोणी नेली नसती. पण कुलूपवाल्यांचा सगळा जीव तिच्यात होता. सकाळी सातला एक आणि संध्याकाळी सातला एक अशी तिची गोळी त्यांनी कधी चुकवली नव्हती.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा बजावलं, की आग लागो नाहीतर पूर येवो, तुमची तयारी हवी. कुलूपवाले हाडाचे कारागीर. आठ दिवसांत पिशवी तयार झाली: तीन दिवसांचं खाणं, गोळ्या, लसींचं कार्ड, जुना टॉवेल आणि ठमीचे दोन फोटो, एक समोरून, एक फाटक्या कानाच्या बाजूने. डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

"आणि तुम्हालाच काही झालं तर? घराची किल्ली कोणाकडे असते?"

कुलूपवाल्यांनी लगेच हवापाण्याचा विषय काढला.

किल्ली कोणाला द्यायची नाही, हे त्यांनी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. सख्खी बहीण एकदा न कळवता आली, ती तीन तास जिन्यात बसून तिथूनच परत गेली. तिसरं कुलूप तर त्यांच्या स्वतःच्या हातचं. ते कसं उघडतं हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस एके दिवशी दुपारी गिऱ्हाइकाच्या घरी स्टुलावरून पडला.

मांडीचं हाड मोडलं. "उद्या ऑपरेशन, मग आठवडाभर मुक्काम," इस्पितळातले डॉक्टर म्हणाले.

"मांजर आत आहे," कुलूपवाले म्हणाले.

डोक्यालाही मार लागलाय का, असं डॉक्टरांनी नर्सला हळूच विचारलं.

बातमी कळून पाच वाजता समोरच्या दारातल्या मास्तरीणबाई भेटायला आल्या. निवृत्त, एकट्या, कडक. दहा वर्षांत या दोघांचं बोलणं "पाणी आलं का?" याच्यापुढे गेलं नव्हतं. पण दुसरं कोण होतं? कुलूपवाल्यांनी जुडगा काढला. त्यात एकोणतीस किल्ल्या, आणि एकीवरही खूण नाही, कारण खूण केली की चोराची सोय होते. त्यांनी तीन किल्ल्या सोडवल्या. दोन दिल्या. तिसरी बाईंना त्यांच्या बोटांतून ओढून घ्यावी लागली.

"ठमीची गोळी पिशवीत आहे, सातला द्यायची. या किल्लीची युक्ती आहे. दाराशी पोचलात की फोनवर सांगतो," ते आजूबाजूच्या खाटांकडे बघत म्हणाले.

पावणेसातला फोन आला. "दोन उघडली. पुढचं सांगा."

कुलूपवाल्यांनी तोंडावर हात धरून सांगितलं.

"काय? मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं."

वॉर्डात आठ खाटा होत्या, आणि आठव्या खाटेपर्यंत सगळ्यांनी कान टवकारले होते. कुलूपवाल्यांनी घड्याळ पाहिलं. सातला दहा कमी. चाळीस वर्षांची इज्जत एका बाजूला आणि दारामागे वाट बघणारी ठमी दुसऱ्या बाजूला. त्यांनी डोळे मिटले आणि ओरडून सांगितलं. बाईंना तरीही कळेना. तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या, पायाला वजन टांगलेल्या गृहस्थांनी फोन सरळ काढून घेतला आणि स्पीकरवर टाकला. त्यांचा आवाज पहाडी होता.

"बाई, आधी उलटी दोनदा! मग दार खांद्याने दाबायचं! मग सुलटी, अर्धी!"

"अर्धीच, हं," दारातून नर्सने आठवण करून दिली.

कट्‌ असा आवाज झाला. कुलूपवाल्यांनी फोन परत ओढून घेतला.

"मांजर दिसत नाही," बाई म्हणाल्या.

"कपाटावर बघा. नावाने हाक मारा. ठमी म्हणा." त्यांचा आवाज फाटला.

मग काहीतरी पडलं, आणि रागावलेलं, खणखणीत म्याव वॉर्डभर ऐकू आलं. सात वाजून चार मिनिटांनी बाईंनी कळवलं, "गोळी खाल्ली. माझं बोटही खाल्लं."

कुलूपवाले सगळ्यांदेखत रडले, आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

"सकाळी सातला परत गोळी द्यायची ना? तोवर किल्ल्या इस्पितळात आणून देऊ का?" बाईंनी विचारलं.

"नको. तुमच्याकडेच राहू द्या," कुलूपवाले म्हणाले, आणि तेही कोणी न सांगता मोठ्याने.